करडईच्या तेलाचे ब्रेक

मी धाराशिवच्या हायस्कुलात सायन्स शिकवायला गेलो तेव्हा महाराष्ट्र होऊन दुसरं वर्ष चालू होतं. सरकारी कागदावर गाव उस्मानाबाद होतं आणि बाजारात धाराशिव. मला खोली दिली ती एका पेन्शनर शिरस्तेदारांनी. निजामाच्या राज्यात अदालतीचा प्रत्येक कागद यांच्या हाताखालून जायचा. मुन्सफ यायचे, बदलून जायचे, शिरस्तेदार तिथंच. पुढं राज्य गेलं, अदालतीची उर्दू गेली, यांना पेन्शनीत काढलं. पण यांनी अदालत काही सोडली नाही. ती उचलून घरी आणली.

खोली बघायला गेलो तर मला ओसरीवर उभं करून त्यांनी माझं बयान घेतलं. नाव, वडिलांचं नाव, पेशा, वय अंदाजे. मी म्हणालो, "अंदाजे कशाला? मला माझी जन्मतारीख पाठ आहे."

"वय सगळ्यांचं अंदाजेच असतं," ते म्हणाले आणि त्यांनी 'अंदाजे पंचवीस' लिहिलं. मी तेवीसचा होतो. पुढं चार वर्षं त्या घरात मी अंदाजे पंचवीसच राहिलो.

त्या घरात काही घडलं की त्याची मिसल व्हायची. मिसल म्हणजे आपण जिला फाईल म्हणतो ती, पण शिरस्तेदारांसमोर फाईल म्हटलेलं चालत नसे. दूध नासलं, मिसल. आडाचा दोर तुटला, मिसल. मांजरानं लोणी खाल्लं तेव्हा तर मुद्देमाल म्हणून रिकामी वाटी आठ दिवस कोनाड्यात जपून ठेवली होती आणि मांजराच्या नावापुढं 'फरारी' असा शेरा होता. मांजर त्या वेळी त्यांच्याच खुर्चीखाली झोपलेलं असायचं. सगळ्या मिसली लाल फडक्यात बांधून माळवदाच्या खोलीत रचलेल्या होत्या आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. काकू येरमाळ्याच्या. बांधा लहान, चाल भरभर, बोलणं थोडकं. शिरस्तेदार घसा साफ करून "हुकूम करण्यात येतो की" असं सुरू करायचे आणि काकू "बरं" म्हणायच्या. हुकूम लिहून, वाचून, त्यावर वाळू टाकून होईपर्यंत काकूंनी ते काम आपल्या पद्धतीनं उरकलेलं असे. त्यामुळं त्या घरात हुकुमाची तामील झाली नाही असं कधी घडलं नाही. शिरस्तेदारांना ते आपल्या वचकाचं लक्षण वाटायचं.

मात्र एक हुकूम असा होता की त्याच्यापुढं काकूंचं काही चालत नव्हतं. आमच्या घरातल्या बायका एस.टी.त बसणार नाहीत.

"परक्या माणसाच्या मांडीला मांडी लावून? चार गावचं गबाळ डोक्यावर घेऊन?" शिरस्तेदार विचारायचे. "आमच्याकडं मोटार आहे."

मोटार होती. ती मागच्या गोठ्यात होती. पोलिस ॲक्शनच्या आधी काही महिने त्यांनी ती आत घातली, चाकांना दगड लावले आणि वर छपरापर्यंत कडबा रचला. रझाकारांनी नेऊ नये म्हणून आणि नंतर हिंदुस्थानच्या फौजेनं नेऊ नये म्हणून. दोघांनीही नेली नाही. दोघांना तिचा पत्ता होता की नव्हता कोण जाणे. शिरस्तेदारांच्या मते दोघंही तिच्यासाठी टपलेले होते. राज्य बदलून बारा-तेरा वर्षं झाली, तरी "वातावरण अजून निवळलं नाही" म्हणून मोटार कडब्याखालीच होती.

आणि घरात मोटार असताना बैलगाडीनं जाणं कमीपणाचं, एस.टी.नं जाणं त्याहून. म्हणून तेव्हापासून काकू माहेरीच गेल्या नव्हत्या. धाराशिवहून येरमाळा ते केवढं, सकाळी निघालं तर माणूस जेवायला तिथं. सुरुवातीला त्यांची आईच नागपंचमीला कुणाच्या तरी गाडीतून येऊन लेकीला भेटून जायची. पुढं ती थकली, यायची थांबली. मी राहायला गेलो तेव्हा मायलेकींची भेट होऊन चार वर्षं झाली होती.

दर बाजाराला येरमाळ्याचा एक तांबोळी पानं घेऊन यायचा, तो निरोप आणायचा. एकदा मी ओसरीवर वह्या तपासत बसलो होतो. तांबोळी दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, म्हातारीला आता दिसंना झालंय बगा. आवाजावरनं वळखती मानसाला. म्हनली, लेकीचा आवाज तरी कानावर पडू द्या."

काकूंनी पानं मोजून घ्यायची ती तशीच घेतली. रात्रीच्या जेवणाला वाढताना त्यांनी सरळ विषय काढला. शिरस्तेदार म्हणाले, "अर्ज कर."

काकूंना लिहिता येत नव्हतं, म्हणून तो अर्ज मी लिहिला. मोठ्या हौसेनं लिहिला. 'अर्जदार बाई नम्रपणे जाहीर करते की तिला एक आई आहे' अशी सुरुवात केली. खाली काकूंचा अंगठा घेतला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांच्या खोलीत तो तोंडपाठ म्हणून दाखवला. हसून हसून आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत शिरस्तेदारांची खबर सांगणं हे माझं कामच झालं.

अर्ज मंजूर झाला. हुकूम निघाला की मोटार बाहेर काढण्यात यावी आणि अर्जदारास तीतून येरमाळ्यास पोचवण्यात यावं.

कडबा उपसायला दोन दिवस लागले. आतून मोटार निघाली ती दिसायला चांगली होती. धूळ होती, उंदरांनी गादीत संसार केलेला होता, पण पत्रा शाबूत. शिरस्तेदारांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ढकला."

मी, समोरचा शिंपी आणि दोन गडी अशा चौघांनी खांदा लावला. मोटार हलली नाही. आणखी दोघं बोलावले, तरी तीच गत. चारही चाकं जागच्या जागी खिळून बसली होती. गड्यांनी पहारी आणल्या तेव्हा शिरस्तेदारांनी हात वर केला. "थांबा. पंचनामा झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

पंच म्हणजे मी आणि शिंपी. चार चाकांचे चार वेगळे पंचनामे झाले. 'चाक नंबर एक, पुढील डावे. पंचांसमक्ष ढकलले असता फिरले नाही. विचारणा केली असता कारण कळून आले नाही.' मी विचारलं, "विचारणा कुणाला केली?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं सही केली. शिंप्याचा त्या दिवशी लग्नाचा कोट शिवायचा राहिला.

मग बाबूमियाँना निरोप गेला. हे शिरस्तेदारांचे जुने ड्रायव्हर. मोटार कडब्याखाली गेल्यावर त्यांनी येडशीला स्टेशनजवळ छोटं दुकान टाकलं होतं. सायकली, ऑइल इंजिनं, येईल ते दुरुस्त करायचे. पिकलेली दाढी, हातात कळकट पिशवी. त्यांनी मोटारीला आधी सलाम केला, मग मालकाला. जॅक लावून एक चाक काढलं, आतला ब्रेकचा ड्रम हातोडीनं चोहीकडून हळूहळू ठोकत अर्ध्या तासात सोडवला आणि आत बोट फिरवून बोट नाकाशी नेलं.

"साब," ते म्हणाले, "ये करडईका तेल है."

मला तोवर ब्रेकमधलं काही कळत नव्हतं. बाबूमियाँनी दाखवलं. पायानं पायडल दाबलं की नळ्यांतून तेल पुढं सरकतं, प्रत्येक चाकात एक लहान सिलिंडर असतो, त्यातल्या दट्ट्यांना ते तेल रेटतं आणि दट्टे ब्रेकला ड्रमवर दाबतात. या तेलासाठी दुकानात खास ब्रेकचं तेल मिळतं. त्याच्या जागी इथं कुणीतरी घाण्यावरचं करडईचं तेल भरलं होतं. बारा-तेरा वर्षांत त्याचा डिंक झाला होता. दट्टे सिलिंडरात चिकटलेले, रबराच्या वाट्या फुगून मऊ पडलेल्या, आणि ब्रेक ड्रमला धरून बसलेले.

शिरस्तेदारांचे डोळे चमकले. इतक्या वर्षांनी त्यांना खरा गुन्हा सापडला होता.

दुसऱ्याच दिवशी चौकशी बसली. बाबूमियाँचं बयान झालं. "तेल कुणी भरलं?" "म्यानेच भऱ्या, साब." "कुणाच्या हुकुमावरून?" बाबूमियाँ खाली बघत म्हणाले, "मिसल में होंगा, साब. आपके हां सब रहता."

हे शिरस्तेदारांना पटलं. माळवदाच्या खोलीतून मोटारीची जुनी मिसल काढली, फडकं सोडलं, आणि पंचांसमोर कागद मोठ्यानं वाचायची त्यांची पद्धत होती तशी त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. कागद उर्दूत होता, ते वाचता वाचता मराठी करून सांगत होते. "ड्रायव्हरला हुकूम देण्यात येतो की, सोलापूरकडचा माल बंद असल्या कारणानं ब्रेकचं विलायती तेल मिळत नाही, सबब घरच्या करडईचं तेल, जे सर्व प्रकारे उत्तम आहे, ते भरावं. ड्रायव्हरनं यात आपली अक्कल चालवू नये."

इथं ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"सही कुणाची आहे?" शिंप्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"सही," शिरस्तेदार म्हणाले, "ओळखीची आहे. प्रकरण पुढच्या तारखेवर."

आतल्या दाराआड काकूंनी पदर तोंडात कोंबला होता. मी तर उठून सरळ परसात गेलो.

दुसरा कुणी असता तर त्यानं तो कागद चुलीत घातला असता. शिरस्तेदारांनी तसं केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यांनी स्वतःला नोटीस काढली. ब्रेकच्या नासाडीबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. ती पाकिटात घालून माझ्या हाती पेटीत टाकायला दिली. दुसऱ्या दिवशी पोस्टमननं ती आणून दिली तेव्हा त्यांनी ती कपाळाला आठ्या घालून घेतली आणि वाचून म्हणाले, "फार कडक लिहिलंय." मग त्यांनी उत्तराला मुदत मागितली. ती त्यांनी विचार करून दिली. चौकशी पुरी होईतो मोटार 'जैसे थे' ठेवण्याचा हुकूम असल्यानं बाबूमियाँ दोनदा येडशीहून हेलपाटा मारून परत गेले.

मास्तरांच्या खोलीत या नोटिशीवर आमचा एक आठवडा गेला. मी पोस्टमनची नक्कल फार चांगली करायचो.

अखेर शिरस्तेदारांनी स्वतःला समज देऊन सोडलं आणि काम सुरू झालं. बाबूमियाँनी चारही चाकं उघडली. सिलिंडर राकेलमध्ये भिजत घातले, लाकडी ठोकळा धरून दट्टे एकेक बाहेर काढले, रेगमालाच्या खरखरीत कागदानं आतला डिंक घासून काढला. पाचव्या दिवशी सिलिंडर आतून आरशासारखे झाले. रबराच्या नव्या वाट्या आणि ब्रेकचं तेल सोलापूरहून मागवलं. नळ्या फुंकून साफ केल्या. सगळं जागच्या जागी बसवलं. राहिलं होतं फक्त नळ्यांतली हवा काढणं. तेवढ्यात शिरस्तेदारांनी बाबूमियाँसमोर एक कागद ठेवला. सदरहू ब्रेक कायम लागत राहतील अशी हमी, खाली सही.

बाबूमियाँनी कागद वाचून घेतला आणि पिशवी उचलली. "साब, म्या पस्तीस साल गाडी चलाया. ब्रेक की जमानत अल्ला देता, म्या नै देता." दारापर्यंत जाऊन ते वळले. "और कागज से ब्रेक नै लगते, साब." आणि येडशीला निघून गेले.

"हरकत नाही," शिरस्तेदार म्हणाले. "हवा आम्ही काढू. तुम्ही सायन्स शिकवता ना?"

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकजण आत बसून पायडल दाबतो. दुसरा खाली चाकाशी पडून तिथला बारीक स्क्रू सैल करतो, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. मी पायडलवर, शिरस्तेदार मोटारीखाली. शेरवानीवर डाग पडू नयेत म्हणून ती काढून ठेवून त्यांनी जुनं धोतर नेसलं होतं आणि कानाला टाक लावला होता. दौत चाकाशेजारी विटेवर.

"दाबा!" खालून आवाज यायचा. मी दाबायचो. मग "सोडा!" मी सोडायचो. मग टाकाची कुरकुर. 'दाब नंबर एक्केचाळीस. बुडबुडे सात.' शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत दीडशे दाब व्हायचे, आणि पायडल तरीही लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे काय चाललंय. बुडबुडे निघाले की आधी स्क्रू बंद करायचा आणि मग पाय सोडायचा. शिरस्तेदार बुडबुडे मोजून झाल्याबरोबर "सोडा" म्हणायचे, नोंद करायचे आणि मग सावकाश स्क्रू आवळायचे. मी पाय उचलला की बाहेर काढलेली हवा त्याच भोकातून परत आत. आम्ही रोज तीच हवा काढत होतो आणि भरत होतो.

मी वाकून म्हणालो, "साहेब, मला वाटतं स्क्रू आधी—"

"पंचानं कारवाईत बोलू नये," खालून उत्तर आलं.

मग मी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. मधल्या सुट्टीत मास्तर मंडळी वाट बघत असायची. "काल किती बुडबुडे?" ड्रॉइंग मास्तर मला लांबूनच विचारायचे. हसायचं साधन इतकं हाताशी असताना ते बंद कोण करतो? असे दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी रविवार होता. सकाळीच तांबोळी आला. बाजाराचा दिवस नसताना आला म्हणजे काय ते काकूंनी ओळखलं असणार. तो मागच्या दाराबाहेरच थांबला. "आक्का, म्हातारीनं दोन दिस झालं अन्न सोडलंय. सारखी तुमचं नाव घ्येती. येत आसाल तर आजच या," म्हणाला आणि गेला. मी हे मोटारीत बसून ऐकलं. शिरस्तेदार खाली होते. त्यांनी ऐकलं की नाही मला आजही सांगता येणार नाही. ते बुडबुडे मोजत होते.

थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या. हातात एक गाठोडं होतं. त्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "मास्तर, येरमाळ्याची एस्टी कुठनं सुटती ओ?"

मी पायडलवरचा पाय काढला. दार उघडून उतरलो. त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आम्ही दोघं निघालो. गल्लीच्या टोकाला गेलो तरी मागून आवाज येत होता, "दाबा!... अहो दाबा!... मास्तर?"

स्टँडवर गाडी लागलेलीच होती. मी विचारलं, "तिकीट काढून देऊ?" त्या म्हणाल्या, "मला दावा कसं काढत्यात." कंडक्टरनं विचारलं, "कुठं, बाई?" "येरमाळा." त्यानं तिकीट फाडलं, चिमट्यानं भोक पाडलं आणि हातात दिलं. काकू खिडकीशी बसल्या. एक म्हातारी आपण होऊन सरकली होती. काकूंनी ते तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि खिडकीतून मला विचारलं,

"एवढंच असतंय व्हय?"

"हो, काकू," मी म्हणालो. "एवढंच."

गाडी सुटली. मी तिथंच उभा राहिलो. मी त्या घरात आल्यापासून किती रविवार गेले होते! त्यातल्या कुठल्याही एका रविवारी हे मी त्यांना दाखवू शकलो असतो. मी त्यांचा अर्ज लिहिला, पाठ केला, लोकांना म्हणून दाखवला. त्यांना स्टँड दाखवावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला माझीच अशी लाज वाटली की सरळ घरी जाववेना. गावाबाहेर जाऊन एक चक्कर मारून आलो.

परत आलो तेव्हा शिरस्तेदार अजून मोटारीखालीच होते. नुसते दोन पाय बाहेर दिसत होते.

"कारवाई सोडून कुठं गेला होता?"

"काकूंना एस.टी.त बसवायला. येरमाळ्याला गेल्या."

पाय हलले नाहीत. टाकाची कुरकुर थांबली. मला वाटलं आता मोठा हुकूम सुटणार. मग खालून विचारलं,

"जागा मिळाली का बसायला?"

"मिळाली. खिडकीची."

"बरं," ते म्हणाले.

मी मोटारीशी वाकलो आणि सांगून टाकलं. "साहेब, स्क्रू आधी आवळायचा. मग मी पाय सोडायचा. लिहायचं त्यानंतर."

ते घसटत बाहेर आले. चेहऱ्यावर तेल, कपाळावर माती. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"मग तुमच्या बयानात का आलं नाही?"

एरवी या प्रश्नावर मी मास्तरांच्या खोलीत आठ दिवस काढले असते. त्या दिवशी मी मोटारीत चढून पायडलवर पाय ठेवला. ते पुन्हा खाली गेले, म्हणाले, "दाबा." त्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नाही. दिवस मावळायच्या आत चारही चाकांतली हवा निघाली आणि पायडल दगडासारखं घट्ट झालं.

पुढं बाबूमियाँना परत बोलावलं, हमीचा कागद न काढता. इंजिनाचं काम त्यांनी आठ दिवसांत केलं आणि मोटार घेऊन ते आणि शिरस्तेदार येरमाळ्याला गेले. संध्याकाळी आले ते दोघंच. काकूंनी सांगितलं होतं की आई चमचाभर पेज घ्यायला लागलीय, आत्ता तिला सोडून येत नाही. बाबूमियाँ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ब्रेक एकदम फस्क्लास लगे, मास्तर." शिरस्तेदार दीड महिना माझ्याबरोबर खानावळीत जेवले. रोज भाजीत मीठ कमी निघायचं आणि त्याची कसलीच मिसल झाली नाही.

दीड महिन्यानं काकू आल्या, त्या एस.टी.नं आल्या. म्हातारी वाचली होती, आणखी दोन वर्षं जगली. त्या दोन वर्षांत काकूंना येरमाळ्याच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या. शिरस्तेदार म्हणायचे, "मोटार दारात उभी आहे." त्या म्हणायच्या, "तुमच्या मोटारीला लई वेळ लागतो. साडेआठची गाडी आसती." बाबूमियाँना येडशीहून बोलवायचं, त्यांनी यायचं, इंजिन तापवायचं, एवढ्यात काकू आईजवळ पोचलेल्या असायच्या.

चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची जत्रा असते. पहिल्याच वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी काकू निघाल्या तेव्हा स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा जिल्हा येरमाळ्याला निघाला होता. मी गाठोडं घेऊन बरोबर होतो. शिरस्तेदारही आले होते. ते का आले हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते शेरवानी घालून एका खांबाशी लोकांपासून अंग चोरून उभे होते.

गाडी आत वळली तशी सगळी गर्दी तिच्याबरोबर पळाली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकत होते, उपरणी टाकत होते, एकानं तर चपलेचा जोड टाकला. आणि त्या धक्काबुक्कीत मला शिरस्तेदार दिसले. गाडी पुरती थांबली नव्हती आणि ते तिच्या बाजूनं पळत होते. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली, टाचा उंच केल्या, हात खांद्यापर्यंत खिडकीत घातला आणि टोपी आतल्या बाकावर ठेवली. मी त्यांना बोडक्या डोक्यानं कधीच पाहिलं नव्हतं. मधोमध टक्कल होतं आणि कडेचे चार केस घामानं चिकटले होते.

"धरलीय!" ते आतल्या माणसावर ओरडले. "आमच्या घरच्या बसणार आहेत!"

काकू गर्दीतून वाट काढत आत गेल्या, टोपी उचलून त्या जागी बसल्या आणि मांडीवर घेतलेली टोपी खिडकीतून बाहेर काढून त्यांच्यापुढं धरली. गाडी हलली होती. शिरस्तेदारांनी टोपी घेतली नाही. खिडकीच्या गजाला हात लावून ते चार पावलं बरोबर चालले.

"राहू दे," ते म्हणाले. "येताना घेऊन ये."

मग गाडी गेली, आणि ते भर बाजारातून तसेच, उघड्या डोक्यानं, घरी आले.